दिगूच्या ग्लायडरमधली नाल

दिगूचं एवढं कौतुक करताय ना, मग हेही ऐका. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. कणकवलीच्या कॉलेजातून आम्ही दोघंच पुण्याला ग्लायडिंग शिकायला गेलो होतो. एकट्यानं उडवायची परवानगी आधी कोणाला? दिगूला! मी खाली पंखाचं टोक धरून धावायचो. दोघेही मालवणचेच, पण एक आभाळात आणि एक गवतात.

एकदा उड्डाणाआधी पाहतो तर ग्लायडरचं तोंड उत्तरेला, आणि आतलं होकायंत्र दाखवतंय पूर्व! सरांनी दिगूचं घड्याळ काढायला लावलं, चाव्या काढायला लावल्या. काटा ढिम्म. शेवटी त्यांनी होकायंत्राच्या मागे हात घातला, तर काळ्या दोऱ्यानं बांधलेली घोड्याची नाल!

"आईनं दिलीय, सर," दिगू म्हणाला. "आमच्याकडे होडीच्या टोकाला बांधतात. दृष्ट लागू नये म्हणून."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता हा घरी जाणार! पण सर चक्क हसले. "अरे, लोखंडानं काटा फिरतो," म्हणत त्यांनी नाल सोडवली, माझ्या हातात दिली आणि त्याला म्हणाले, "जा, उडव."

वरची काच लावता लावता मी दिगूला विचारलं, "तुका रे हंय कोणाची दृष्ट लागतली?"

"आवशीन तुझाच नाव घेतल्यान," तो म्हणाला, आणि गेला वर.

आता तुम्हीच बघा. त्या लोखंडाचा परिणाम झाला तो होकायंत्रावर. माझ्यावर आजतागायत काडीचाही नाही.