पंगतीच्या दगडांवरचा वाढपी

ऐका. आधी तो मोबाइल उलटा ठेव बघू, खालून उजेड पडला की तूच भूत दिसतोस. हं. आणि तुम्ही हातोडेवाले, पाय आखडून बसा. कुत्र्याला जागा द्या, त्यालाही गोष्ट ऐकायची असते.

उद्या संध्याकाळी खालच्या वाटेनं वीरगळ बघायला जायचं ठरलंय म्हणे तुमचं. जेवताना बोलत होतात, आणि म्हातारा भुरके मारतोय, त्याला काय ऐकू येतंय, असं वाटलं तुम्हाला. कान म्हातारे झालेत माझे, बहिरे नाही झालेत! तर आधी कोचरेकर मास्तरांचं काय झालं ते ऐका. मग जायचं तर जा, पाय तुमचे आहेत.

हे आपलं खारबेट. एक बाजार, एक शाळा, एक पडका कोट आणि चारी बाजूंनी खारं पाणी. कोटाच्या खाली पश्चिमेला ते दगड आहेत, ज्यांच्यासाठी तुम्ही एसटीचे आणि मग होडीचे एवढे धक्के खाल्लेत. काळे खांब. कुणी सहा कोनी, कुणी पाच कोनी, एकाला एक चिकटून उभे. आणि माथा कसा? सपाट! लग्नाच्या मांडवात पाट मांडावेत तसे रांगेनं. थेट टोकावरच्या वीरगळापर्यंत. म्हणून आम्ही त्याला पंगत म्हणतो. सुकतीला पाणी मागे गेलं की पंगत उघडी पडते आणि तिच्यावरून चालत टोकाला जाता येतं. भरती आली की पंगत पाण्याखाली.

आता जुनी माणसं काय सांगायची, तर शिलाहारांचं राज्य होतं तेव्हा राजाचं आरमार इथं लागलं. दिवसभर वल्ही मारून माणसं भुकेली. याच दगडांवर जेवायला बसली. पानं मांडली. नुसतं मीठ वाढून झालं होतं हो, नुसतं मीठ! आणि टोकापलीकडून शत्रूची गलबतं आली. पानावरून उठले सगळे. मीठ वाढणाराही उठला. परत कोणी आलं नाही. पानावरच्या माणसाला उठवू नये म्हणतात ते उगाच नाही.

म्हणून आमच्याकडचं कोणी त्या दगडांवर बसत नाही. बायका कालवं काढायला जातात, उकिडव्या बसतात, कंबर मोडेस्तोवर काम करतात, पण बूड टेकत नाहीत. कडेवरच्या पोरालाही टेकवत नाहीत. बसलं की पान आपलं झालं. आणि पंगतीत बसलेल्या माणसानं मधेच उठायचं नसतं. समजलं?

हसू नकोस गो चष्मेवाली. ऐक पुढं.

कोचरेकर मास्तर शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवायचे. मी तेव्हा पाळण्यात होतो, पण माझ्या बापानं हे इतक्यांदा सांगितलंय की मला वाटतं मीच बघितलं. मास्तर सावंतवाडीकडचे. माणूस सोन्यासारखा, पण दगडांचं वेड! सदऱ्याचे खिसे दगडांनी फाटायचे आणि त्यांची बायको वत्सलाबाई शिवत बसायची. पोरांना सांगायचे, हे खांब म्हणजे तापलेला रस आहे, निवताना तडकला, चिखल सुकून भेगाळतो तसा. बरोबरच असेल. मी कुठं नाही म्हणतो? दगड कसे झाले ते तुमच्या पुस्तकात. त्यांच्यावर कोण बसतं ते आमच्याकडे विचारायचं.

त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. वीरगळाचा सगळ्यात खालचा कप्पा कुणी बघितलेला नव्हता. कायम पाण्यात, वर कालवांचा थर. फक्त एखाद्याच मोठ्या अवसेला-पुनवेला समुद्र पार लांब जातो, तेव्हा तो उघडा पडतो. पौषातली अवस आली. सुकती बरोबर दिवेलागणीला. आणि घरी काय? वत्सलाबाईचे दिवस भरलेले! आज की उद्या अशी अवस्था. सुईण अंगणात येऊन बसलेली.

"अहो, आज नको ना."

"टोकाला जातो आणि आलो. पुढची इतकी मोठी सुकती कधी मिळेल, काय सांगावं?"

"मग पोटात काही तरी असू द्या." असं म्हणून तिनं दडप्या पोह्यांचा डबा दिला. "आणि लवकर या. मला भीती वाटते."

मास्तर निघाले. अंधार पडत होता. एका हातात कंदील, खांद्यावर पिशवी. वरची डोंगरातली वाट लांबची, म्हणून खालच्या वाटेनं, पंगतीवरून. पहिलं पोर होतं हो त्यांचं. त्यांना परत यायची घाई होती, आणि बघायचंही होतं. दोन्ही होतं. माणूस असाच अडकतो.

टोकाला पोचले. वीरगळाच्या बुडाशी उकिडवं बसून चाकूनं कालवं खरवडली. कंदील जवळ धरला. आता अशा दगडावर खाली काय असतं? लढाई असते. मेलेला वीर असतो. मास्तरांनी बघितलं, तर लढाई नाहीच! माणसं मांडी घालून बसलेली. रांगेनं. समोर पानं. आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला वळलेली. कोणी तरी येतंय का, असं बघत असलेली.

मास्तर खूश! कागदावर चित्र काढलं. वेळेचं भान राहिलं नाही. उठले तेव्हा काळोख मिट्ट झाला होता, आणि पोटात आग पडली होती. पंगतीवरून परत निघाले. अर्ध्यात आले आणि मनात म्हणाले, जरा टेकतो. दोन घास खातो आणि निघतो.

टेकले!

डब्याचं झाकण उघडलं. आणि वास आला. पोह्यांचा नव्हे. गरम भाताचा. वाफेचा. तिथं घर नाही, चूल नाही, गलबत नाही. मास्तर इकडे बघतात, तिकडे बघतात. मागून आवाज आला,

"सावकाश होऊ द्या."

यजमान म्हणतो ना पंगतीत फिरताना, तसा. गोड आवाज. आग्रहाचा. मास्तरांना वाटलं, गावातलं कुणी तरी चेष्टा करतंय. हसले. "कोण रे?" म्हणत उठायला गेले.

उठता येईना.

पाय हलतात, हात हलतात, पण अंग दगडावरून सुटत नाही. मास्तरांनी दोन्ही हात टेकून जोर लावला. नाही! तेवढ्यात धोतराला गार लागलं. पाणी. दोन खांबांच्या मधल्या फटीतून पाणी वर येत होतं. भरती लागली होती. अवसेची भरती, पोरांनो! समुद्र जितका लांब जातो तितकाच आत येतो.

मास्तरांनी कंदील उचलला. शेजारच्या दगडावर माणूस बसलेला. उघडा, ओला, मांडी घातलेला. समोर पान. पानावर चिमूटभर मीठ. त्याच्या पलीकडे आणखी एक. त्याच्या पलीकडे आणखी एक. थेट किनाऱ्यापर्यंत रांग. आणि सगळ्यांची तोंडं मास्तरांकडे.

"सावकाश होऊ द्या."

आता तो यजमान दिसला. रांगेतून फिरत होता. पायाखाली पाणी, पण पाण्यावर तरंग उठत नव्हता. मास्तर ओरडले, "मला जाऊ दे! माझी बायको घरी अडलीय!"

"पाहुण्यानं पंगतीतून मधेच उठू नये. सगळ्यांचं झालं की उठायचं."

सगळ्यांचं झालं की! आणि वाढतंय कोण? कुणीच नाही. आता कळलं? पाणी मांडीवर आलं. कमरेला आलं. मास्तरांनी देवाची नावं घेतली, शिव्या दिल्या, रडले. काही उपयोग नाही. आणि मग मेल्यानं शेवटचा डाव टाकला. अगदी कानाशी वत्सलाबाईचा आवाज,

"अहो, घाई नका करू. बाळ झालं. मुलगी झाली. निजलीय. तुमचं सावकाश होऊ द्या."

मास्तर ढिले पडले. खरंच ढिले पडले. मुलगी झाली! मग आता कशाला धडपड? डोळे मिटायला लागले. पाणी छातीशी आलेलं. आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला. ही वत्सला नव्हे! लग्न झाल्यापासून तिनं कधी जेवताना सावकाश म्हटलं नाही. ती म्हणते, आटपा लवकर, भांडी पडलीत!

बायकोच्या तोंडाळपणानं वाचलेला माणूस तुम्ही कुठं बघितलाय का? आमच्या बेटावर होता.

डोळे उघडले. आणि विचार करायला लागले. पंगतीत बसलेल्यानं उठायचं नसतं. मग पंगत चालू असताना पायावर उभं कोण असतं? यजमान असतो. आणि?

आणि वाढपी!

"अहो यजमान," मास्तर ओरडले, "पानं कोरडी आहेत! वाढायला कोणी नाही का?"

यजमान थांबला. पहिल्यांदाच त्याचं तोंड पडलं. "वाढपी नाही," म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता. नुसतं दुःख होतं.

"मी वाढतो! मी बसलोच नाही. मी वाढपी आहे!" म्हणत मास्तरांनी पंचा कमरेला गच्च आवळला, कंदील कोपरात अडकवला, डबा छातीशी धरला, आणि उठले. सुटलं अंग! उभे राहिले तेव्हा पाणी गुडघ्यावर होतं.

पळावंसं वाटलं त्यांना. तुम्हाला नसतं वाटलं? एक पाऊल पळाले मात्र, मागून शेजारचा ओरडला, "इकडे आलं नाही!" आणि पाय पुन्हा जड. मग कळलं. एकही पान चुकवायचं नाही. मास्तर वाकले, त्याच्या ओंजळीत पोहे घातले. बर्फासारखे हात. पुढचा. पुन्हा वाकले. पुढचा. वाढत वाढत किनाऱ्याकडे.

माझा बाप त्या वेळी किनाऱ्यावर होता. भरती चढली म्हणून होडी वर ओढायला आलेला. त्यानं बघितलं, पाण्यात कंदील हलतोय. नीट बघितलं, तर मास्तर! लाटा अंगावर येतायत, आणि हा माणूस एकेका दगडापाशी थांबतोय, वाकतोय, रिकाम्या पाण्यात चिमूट सोडतोय, आणि पुढं सरकतोय. बापाला दुसरं कोणी दिसलं नाही. एक माणूस नाही. नुसतं पाणी.

"गुरुजी! काय करताय? पळा! पळा वर!"

मास्तरांना ऐकू येत होतं. पण पळता येत नव्हतं. आणि डबा संपत आला होता. मुठीची चिमूट झाली, चिमटीचा एक दाणा झाला. पुढं रांग आहेच. एकेक दाणा. वाकायचं, द्यायचा, सरकायचं. पाणी कमरेवर. एक मोठी लाट आली, कंदील विझला. बाप तसाच पाण्यात शिरला, हात पुढे करून उभा राहिला.

आता एकच पान उरलं. किनाऱ्याला लागून असलेला शेवटचा दगड. त्यावर पोरगा बसला होता. मिसरूडही फुटलेलं नव्हतं. कुणाचा कोण, कोणत्या गावचा, आरमाराबरोबर आलेला. त्यानं ओंजळ पुढे केली.

मास्तरांनी डब्यात हात घातला. डबा रिकामा.

बोटानं कडा पुसल्या. काही नाही. शेंगदाण्याचं सालसुद्धा नाही.

"इकडे आलं नाही," पोरगा म्हणाला. ओरडला नाही हो. हळूच म्हणाला. लहान पोरं रांगेच्या शेवटी बसलेली असतात, आपल्यापर्यंत येईल का नाही असं वाटत असतं त्यांना, तसा.

आणि मास्तरांच्या तोंडून गेलं. कुठलाही वाढपी भांडं रिकामं झालं की म्हणतो तेच. "आणतो हं!"

पोरग्यानं मान हलवली. ओंजळ खाली घेतली. पाय मोकळे झाले! बापानं मास्तरांचा दंड धरून ओढलं आणि दोघं वाळूवर आडवे पडले. मागून लाट आली ती पंगतीवरून सरळ कोटाच्या भिंतीवर आपटली. "आणतो हं" हे मात्र बापानं आपल्या कानांनी ऐकलं. कुणाला म्हणाले, तेव्हा कळलं नाही त्याला.

घरी पोचले, आणि पहाट व्हायच्या आधी मुलगी झाली. खरोखरच मुलगी! वत्सलाबाई म्हणाली, एवढा उशीर? आणि डबा कुठंय? मास्तर ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुकतीला मास्तर डबा भरून गेले. भात, वरण, तूप, सगळं. शेवटच्या दगडावर केळीचं पान मांडलं. वाट बघितली. उन्हात कोण येणार? कावळे आले. रात्री जायचं म्हणाले तर वत्सलाबाई तान्ही पोर घेऊन उंबऱ्यात आडवी बसली. म्हणाली, माझ्या अंगावरून जा. माझा बापही म्हणाला, गुरुजी, तुम्ही उतरलात की परत येणार नाही.

नाही गेले. पण मुलीच्या बारशाला पंगत बसली आणि मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना. घास उचलला की त्यांना ऐकू यायचं, इकडे आलं नाही. मग बदली मागून घेतली आणि बेट सोडलं. पुढं आयुष्यभर कुठल्याही लग्नात, मुंजीत पंगतीला बसले नाहीत. उभ्यानं वाढत राहायचे, आणि रांगेच्या शेवटच्या पोराला पहिल्यांदा वाढायचे. वत्सलाबाईचं पत्र यायचं आमच्याकडे, त्यात असायचं.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर नाहीत, आता काय भीती?

अरे, इथंच तर भीती आहे! बाकीच्यांना घास मिळाला, ते उठले. यजमानही गेला. त्यानंतर कुणाला दिसले नाहीत. पण तो एक पोरगा आहे. तो वाईट नाही, हे मी आजही सांगतो. उपाशी आहे तो. कोणी तरी "आणतो" म्हणून गेलंय, म्हणून बसलाय. अंधारात त्याला तोंडं ओळखू येत नाहीत. हातात दिवा घेऊन जो येईल, तो वाढपी. मागं एक बाहेरचा माणूस मासे गरवायला गेला होता, बॅटरी घेऊन. बॅटरी सापडली.

दगड बघा. वीरगळ बघा. हवं तेवढं बघा, पण उन्हात, आणि वरच्या डोंगरातल्या वाटेनं. अवस असो नसो, दिवस कलला की खाली उतरायचं नाही. आणि चुकून उतरलातच, आणि पायाशी हळूच कोणी म्हणालं की इकडे आलं नाही, तर दया येईल तुम्हाला. येतेच. तरी उत्तर देऊ नका. हातात असेल ते सगळं खाली ठेवा आणि वर या. पण "आणतो" म्हणू नका पोरांनो, त्या शब्दावर तो एकदा बसून राहिलाय, आता म्हणणाऱ्याला सोडायचा नाही. कधीच म्हणू नका.