फोटोच्या कोपऱ्यातलं नाव

"हॅलो?… कोण, मार्लीन? बरं झालं तूच केलास. नाहीतर मीच करणार होते… नाही, आधी माझं ऐक… नाही म्हटलं ना. तुझं नंतर. आज आधी मी बोलणार."

टॅमसिन हॉकिंगने बटाटे सोलायची सुरी हातात तशीच धरून फोन उचलला होता. लॉस्टविथिएल गावातल्या तिच्या छोट्या घरात फोन पॅसेजमधल्या भिंतीवर होता आणि त्याची तार जेमतेम स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायची. रविवार होता, ओव्हनमध्ये कोंबडी होती, पण तिचं जेवणावर लक्ष नव्हतं. सकाळी चहा घेताना जे दिसलं होतं ते अजून तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं. आणि आता सख्खी धाकटी बहीण आयतीच फोनवर सापडली होती.

"तुझ्या नवऱ्याने काय केलंय ठाऊक आहे तुला?… त्या जुन्या डिझेल इंजिनांच्या फोटोंच्या ग्रुपवर. हो, तोच. मी आहे त्यात… गेल्या ईस्टरपासून. रोज बघते. का, मी असू नये?… मग ऐक. आज सकाळी कॉम्प्युटरवर उघडला, तर समोर माझा डोलिशचा फोटो. समुद्राकाठची भिंत, लाट इंजिनाच्या टपावर फुटलेली, आणि ते मरून रंगाचं 'वेस्टर्न' इंजिन त्यातून नाक बाहेर काढतंय… आठवतोय ना? आठवणारच. आईच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला चादर लावून प्रोजेक्टरवर दाखवला होता मी सगळ्यांना. आणि त्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत काय लिहिलंय? डेस्मंड बिंगहॅम.

"ऐकतेयस ना?… मग 'हं' तरी म्हण.

"नुसतं नाव असतं तर एक वेळ… नाही, तेही चाललं नसतं. पण खाली गोष्ट रचलीय त्याने. पहाटे उठलो, थर्मासमध्ये चहा भरला, भिंतीवर कुडकुडत उभा राहिलो, आणि लाट येताना दिसली तेव्हा मनात म्हटलं, हीच ती. डेस्मंड आणि पहाटे? स्वतःच्या लग्नाला उशिरा आलेला माणूस तो. पाद्रीबाबा घड्याळ बघत बसले होते, विसरलीस?… हसू नकोस. मला हसू येत नाहीये.

"आणि तो तेव्हा होता कुठे, सांग ना. ती इंजिनं सत्त्याहत्तर साली मोडीत निघाली. हा स्विंडनहून गालिचे विकायला इकडे आला तो त्यानंतर. वेस्टर्न इंजिन चालताना त्याने डोळ्यांनी तरी पाहिलंय का, देव जाणे."

त्या लाटेने टॅमसिन नखशिखांत भिजली होती. तेव्हा ती पार नावाच्या गावात एका बेकरीत कामाला होती आणि सुट्टी मिळाली की ट्रुरोच्या, कॅमेरेही विकणाऱ्या केमिस्टकडून घेतलेला जुना कॅमेरा गळ्यात अडकवून गाडीत बसायची. फलाटावर इंजिनांचे नंबर टिपायला वह्या घेऊन उभी असलेली मुलं विचारायची, कुणाची वाट बघतेयस, ड्रायव्हरची का? ती उत्तर द्यायची नाही. डोलिशला लाट अंगावर आली तेव्हा तिने कॅमेरा कोटाच्या आत ओढला आणि आधी फिल्म वाचली का ते पाहिलं. ओल्या बुटांनी ती घरापर्यंत आली होती आणि पुढे आठवडाभर खोकत होती.

"खाली लोकांनी काय काय लिहिलंय वाचलंस? 'बिंगहॅमसाहेब, काय नजर आहे तुमची.' न्यूझीलंडहून कुणी लिहिलंय, माझे वडील हेच इंजिन चालवायचे, फोटो बघून डोळे भरून आले. आणि त्यावर हा म्हणतो, 'आपला आभारी आहे.' आभारी आहे म्हणे.

"हो, हो… अगं ऐक ना. तुला काय सांगायचंय ते सांग नंतर, मी कुठे पळून जात नाहीये. मी सगळे बघितले मागे जाऊन. सॉल्टॅशचा पूल धुक्यातला. सेंट ब्लेझीच्या, चिनी माती वाहणाऱ्या मालगाडीच्या वाघिणी, पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्या. तो ड्रायव्हर खिडकीत बसून पेस्टी खातोय तो. सगळ्यांवर ह्याचं नाव. आणि मार्लीन, मला एक सांग. हे त्याच्याकडे आले कुठून?

"तू मला सांगितलं होतंस ना, आईचं घर रिकामं करताना माझ्या स्लाइड्सचे सगळे डबे कचऱ्यात गेले म्हणून. माळ्यावर भिजले, बुरशी आली, टाकून दिले. हेच शब्द होते तुझे. मी डर्बीला होते तेव्हा. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसून रडले होते.

"…काय म्हणालीस?

"परत म्हण.

"…म्हणजे टाकलेच नव्हते."

टॅमसिनने सुरी खिडकीच्या कठड्यावर ठेवली. हात पुसायला काही जवळ नव्हतं, तिने ते स्वेटरलाच पुसले.

"इतकी वर्षं तुझ्या कपाटात?… मार्लीन, मी दर नाताळला तुझ्याकडे जेवायला येत होते. त्या कपाटाशेजारच्या खोलीत झोपत होते. आणि तू मला उशा आणून देत होतीस.

"का पण?… नाही, 'असंच' नाही चालणार. असंच कुणी आपल्या बहिणीला… मग सांग. सांग, मी गप्प बसते.

"…हो.

"…हो, ते ठाऊक आहे मला. तू सांभाळलंस आईला. मी कधी नाही म्हटलंय का?

"…आंघोळीला उचलून न्यायचीस, तेही ठाऊक आहे. मी पैसे… बरं. बरं, नाही बोलत. तू बोल."

पलीकडची बाई बराच वेळ बोलत होती. मार्लीनला एवढं सलग बोलताना टॅमसिनने क्वचितच ऐकलं होतं. ती भिंतीला टेकली. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला नाही, पण त्याला कुठे बसावं ते कळेनासं झालं.

"मी असं विचारलं?… पहिल्याच फोनवर?… आईला पुरून आठवडा झाला नव्हता आणि मी म्हटलं, माझ्या स्लाइड्स कुठे आहेत.

"…तू कशी आहेस विचारलं नाही.

"…विचारलं असेन तसं. मला आठवत नाही, पण तुला आठवतंय म्हणजे विचारलं असणार.

"आणि म्हणून तू म्हणालीस, टाकल्या… रागात. ते समजू शकते मी. रागात माणूस बोलून जातो. पण राग एक दिवसाचा असतो गं, फार तर महिन्याचा. दुसऱ्या वर्षी सांगायचंस. पाचव्या वर्षी सांगायचंस. मी आले असते, भांडले असते, घेऊन गेले असते… जितके दिवस गेले तितकं जड झालं. हं. आणि मग हा गृहस्थ निवृत्त झाला, ह्याला कपाटात डबे सापडले, आणि हा फोटोग्राफर झाला. तू बघत बसलीस.

"नाही, मला ओरडू दे. मला हक्क आहे. तुझ्यावर झालेला अन्याय तुझा, आणि माझ्यावर झालेला माझा. एकाने दुसरा फिटत नाही. आणि त्याने माझं नाव… काय?

"काय केलंस तू?

"थांब, थांब. सावकाश बोल. कुठे लिहिलंस?… ग्रुपवर? सगळ्यांसमोर?

"कधी?… मी चहाच्या वेळी बघितलं, तेव्हा नव्हतं काही. माझ्यानंतर लिहिलं असशील. काय लिहिलंस? शब्दन् शब्द सांग."

तार ताणून टॅमसिन दारापर्यंत गेली, तिथून परत आली. मार्लीन वाचून दाखवत होती आणि टॅमसिनचे ओठ तिच्या मागोमाग हलत होते.

"'…हे फोटो माझ्या नवऱ्याने काढलेले नाहीत. माझी बहीण टॅमसिन हॉकिंग हिने काढलेत…' पुढे. '…ती तेव्हा तरुण मुलगी होती आणि एकटीच जायची.' असं लिहिलंस?… प्रत्येक फोटोखाली?… तू तर एका बोटाने टाइप करतेस.

"म्हणून फोन केला होतास. आणि मी तुला बोलू दिलं नाही.

"बरं, आधी सांगायचं नाही का… हो, मीच बोलत होते. कबूल. मग डेस्मंड?… बघितलं त्याने? काय म्हणाला?

"काय लिहिलं त्याने?

"मार्लीन. काय लिहिलं?"

मार्लीनने तेही वाचून दाखवलं. टॅमसिनच्या मानेवर लाल चट्टे उठले. लहानपणीही तिला खरा राग आला की असेच उठायचे, आणि आई म्हणायची, आता हिच्या वाटेला कुणी जाऊ नका.

"'माझ्या पत्नीची प्रकृती अलीकडे बरी नसते. विसरभोळेपणा वाढला आहे. कृपया तिच्या लिहिण्याकडे दुर्लक्ष करावे.' असं लिहिलं. चारचौघांत. तुझ्याबद्दल.

"आणि लोक काय म्हणताहेत?… 'काळजी घ्या बिंगहॅमसाहेब, आमच्या सहवेदना.' हं.

"तू रडतेयस का?… रड, रड. पण ऐक माझं. तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. त्या घरात हिशेब, औषधं, गाडीचा विमा, सगळं तुझ्याच डोक्यात असतं, त्याला मोज्यांचा खण कुठला ते ठाऊक नाही. फोटो माझे घेतले ते घेतले. ते मी बघून घेईन. पण बायकोला चारचौघांत वेडी ठरवायची? स्वतःचं खोटं झाकायला? लाज कशी वाटली नाही माणसाला?

"कुठे आहे तो आता?… पबमध्ये. रविवारचं जेवण चुकवायचं नाही, जग बुडालं तरी… आणि जाताना काय म्हणाला?… परत आल्यावर त्या डब्यांचा निकाल लावतो. म्हणजे काय, जाळणार? स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटींवर माझं अक्षर आहे, जागा, महिना, सगळं माझ्या हाताने लिहिलेलं. ते कुणी बघितलं तर ह्याची गोष्ट संपली. ते तोही जाणतो.

"मार्लीन, ऊठ. आत्ता. डबे तुझ्या गाडीत ठेव… हो, आत्ता. फोन घेऊन जा बरोबर, तुझ्या फोनला तार नाही ना. मी आहे इथे.

"…हळू. जिन्यावर एकदम दोन नको घेऊ. गुडघा जप.

"…झाले? अजून आहेत? आण. मी कुठे जात नाहीये.

"…पिवळे डबेच ना? बरोबर. फिल्म धुऊन पोस्टाने यायचे तसेच आहेत अजून? मला वाटलं होतं रंग उडाला असेल.

"आता स्वतःचे कपडे घे. रात्रीचा गाउन, गोळ्या, दात घासायचा ब्रश… कशाला म्हणजे? तू इथे येतेयस. ज्या माणसाने तुला आज वेडी म्हटलंय त्याच्याबरोबर संध्याकाळी टीव्ही बघत बसणार आहेस का?… किती दिवस ते नंतर ठरवू. आधी नीघ.

"…काय झालं? का थांबलीस?

"गाडीचा आवाज?… त्याचीच?

"घाबरू नकोस. फोन दे त्याला… दे गं. तू बोलायची गरज नाही. तू पिशवी भर.

"…डेस्मंड. टॅमसिन बोलतेय… नाही, ती ठीक आहे. तिला काहीही झालेलं नाही, आणि हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे… गैरसमज? कसला गैरसमज? तू डोलिशला भिंतीवर उभा होतास, काय?

"…हो ना, नुसती जुनी इंजिनं. एवढं काय त्यात. मग तुला कशाला हवी होती?

"…बोल ना. मी ऐकतेय.

"…तुला कुणी काही विचारत नव्हतं निवृत्त झाल्यावर. आणि तिथे विचारायला लागले. हं. वाईट वाटतं रे ऐकून, खरंच वाटतं. पण त्यासाठी तिचं डोकं फिरलंय असं लिहिलंस, डेस्मंड. ते काही फोटोवरचं नाव नाही, पुसलं की जायला. आज तू स्वतःच्या हाताने खरं लिही. नाही लिहिलंस तर मी लिहीन, आणि मी तुझ्यासारखं गोड लिहीत नाही.

"…तिला अडवू नकोस. दारातून बाजूला हो… झालास? बरं. आता फोन दे तिला."

टॅमसिनला पलीकडून पावलं ऐकू आली, मग दार, मग दीर्घ श्वास. इकडे ओव्हनमधून करपल्याचा वास यायला लागला होता. तार तिथवर पोचत नव्हती. तिने करपू दिलं.

"…हं, मार्लीन. सरकला? काही बोलला?… खुर्चीत बसला. बसू दे.

"…नाही. माफ वगैरे मी काही केलेलं नाही. तुलाही नाही. मी चिडलेली आहे, आणि तू आलीस की पुन्हा चिडणार आहे, आधीच सांगून ठेवते… हो, तूही चीड. तुझं तर अजून निम्मंही बोलून झालेलं नाही. येऊन बोल.

"सकाळपासून खाल्लंयस काही?… वाटलंच मला. कोंबडी एका बाजूने गेलीय, दुसरी बाजू बरी निघेल. बटाटे आणखी टाकते.

"रडत गाडी चालवू नकोस. आधी तोंड धू, मग नीघ… हो. हो, दार उघडंच ठेवते.

"ठेव आता."