गाडीतली गार हवा

दीर : वहिनी, टॉर्च जरा इकडे धरा ना. माझ्या तोंडावर नको, बॉनेटच्या आत.

थोरली : धरते हो. गाडी आमच्याकडे होती तेव्हा तिच्या एसीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. तुमच्याकडे येऊन महिना झाला नाही, तर लगेच उपचार सुरू!

दीर : बायकोला रोज दुपारी याच गाडीने कामावर जायचं असतं. भाजून निघते बिचारी.

थोरली : बिचारी! आणि मी काय सावलीतून गाडी चालवत होते? तुमच्या दादांचं एकच पालुपद, ‘जुन्या गाडीचा एसी तो, गेला.’ शेवटी मी गाडी काढणंच सोडलं. तुमच्या बायकोने एकदा नुसतं ‘गरम होतं’ म्हटलं, तर तुम्ही सुट्टीच्या दिवशी बॉनेटमध्ये डोकं घालून उभे.

दीर : हेवा वाटतोय की काय?

थोरली : वाटतोय! लपवू कशाला? काल ती काळा चष्मा लावून ऐटीत फाटकातून बाहेर पडली ना, तेव्हा माझ्या पोटात असं दुखलं, की बघत राहिले आणि भाजी करपली.

दीर : म्हणून तशी लागत होती होय!

थोरली : काढा, काढा चिमटे. रोगी काय म्हणतोय ते सांगा.

दीर : पंखा चालतो, हवा येते, पण गरम. गॅस कालच तपासून घेतला, पुरेसा आहे. पट्टाही ठीक. एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसर ‘टक्’ करून सुरू व्हायला हवा. तो ढिम्म.

थोरली : मग तोच गेला असेल.

दीर : त्याला बॅटरीवरून थेट वायर लावून पाहिली. लगेच टक्! म्हणजे त्याच्यापर्यंत वीजच पोचत नाहीये. ही फ्यूजची पेटी उघडतो... फ्यूज शाबूत आहे. आणि रिले... अरेच्चा.

थोरली : काय झालं?

दीर : रिलेच नाही. ही बघा खाच. इथे एक काळा चौकोनी ठोकळा असतो. आपण बटण दाबलं की तोच कॉम्प्रेसरला वीज सोडतो.

थोरली : पडला असेल कुठेतरी खड्ड्याबिड्ड्यात.

दीर : छे! घट्ट बसलेला असतो, वर पेटीचं झाकण. ओढून काढल्याशिवाय निघायचा नाही. थांबा, हॉर्नचा रिले अगदी तसाच आहे, तो काढून इथे लावतो. हां. आता बसा आत, गाडी सुरू करा आणि बटण दाबा.

थोरली : दाबलं... भाऊजी! गार येतेय! अहो, चांगली गार!

दीर : म्हणजे बाकी सगळं ठणठणीत होतं.

थोरली : मग इतके उन्हाळे मी... मेकॅनिकने काढला असेल का हो?

दीर : तुमच्याकडे असताना गाडी मेकॅनिककडे गेली कधी? ऑइल बदलण्यापासून सगळं दादाच करायचा. एसी बंद कधी पडला, आठवतंय?

थोरली : न आठवायला काय झालं? मी नुकती चालवायला शिकले होते. दर शनिवारी आम्ही चौघी मैत्रिणी तळ्यापर्यंत जायचो, काचा लावून, घसा ताणून गाणी म्हणत. एका शनिवारी एसी बंद. एकीला उकाड्याने चक्कर आली. पुढच्या वेळी दोघीच आल्या. मग कोणीच नाही... भाऊजी, हाक मारा तुमच्या दादांना.

दीर : मला मध्ये नका घेऊ, वहिनी.

थोरली : मीच मारते. अहो! जरा खाली या!

(नवरा जिना उतरून येतो.)

नवरा : काय आरडाओरडा चाललाय? अरे वा, गार झाली वाटतं!

थोरली : इथला ठोकळा कुठे गेला?

नवरा : कुठला ठोकळा?

थोरली : खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात. झालेत बघा.

नवरा : धाकट्या, तू जरा आत जा.

थोरली : राहू द्या त्यांना. का काढलात?

नवरा : वर कपाटात आहे. परत लावणारच होतो.

थोरली : गाडी देऊन टाकली तरी लावला नाहीत! का काढलात ते विचारतेय मी.

नवरा : तू यायचीस तेव्हा घसा बसलेला असायचा, हसून हसून. जेवतानाही आठवून पुन्हा हसायचीस. काय झालं विचारलं, की ‘तुम्हाला नाही कळायचं.’ माझ्याबरोबर तू कधी तशी हसली नाहीस गं. मला बघवायचं नाही. म्हटलं, थोडे दिवस घाम निघाला की सुटेल हा नाद.

थोरली : सुटला की. मैत्रिणीही सुटल्या. आणि मी वेडी, त्या पोरीच्या चष्म्यावर जळत बसले.

नवरा : चुकलं माझं.

थोरली : हो, चुकलं. जा, घेऊन या तो ठोकळा. हॉर्न लागेल मला... भाऊजी, तुमची बायको संध्याकाळपर्यंत गाडी देईल?

दीर : विचारताय काय, वहिनी! न्या की.

नवरा : (ठोकळा घेऊन परत येत) हा घे. धाकट्या, लाव. कुठे निघालीस?

थोरली : एकेकीच्या दारात जाऊन बघते. अजून ओळख दाखवतात का.

नवरा : मी येऊ?

थोरली : आज नको. भाऊजी, बॉनेट लावा.