उंच गाडीचा नवस

…आणि वर मलाच म्हणतात, "तू फार संशयी झालीस!" आता तुम्हीच सांगा, दारात गाडी उभी आहे, ती डावीकडे झुकलेली आहे, अशी जशी एखादी बाई कडेवर पोर घेऊन पाणी येण्याची वाट बघत उभी असते, आणि मी नुसतं विचारलं, "अहो, ही अशी का उभी आहे?" तर हा संशय झाला का? मी संशयी बाई नाही हो! सोळा सोमवार केलेत, एक संकष्टी मोडलेली नाही, चातुर्मासात कांदा नाही, वांगं नाही, आणि जळगावात राहून चार महिने भरीत सोडणं म्हणजे काय, ते जळगावच्या माणसालाच विचारा… अशा बाईच्या मनात संशय येईल का? येत नाही. पण डोळे आहेत ना! देवानेच दिलेत ना!

थांबा, मुळापासून सांगते. आमच्या सासूबाई, बेबाबाई, वय वर्षं ब्याऐंशी. मागच्या नवरात्रात घट उठले आणि त्यांनी मनातलं बोलून टाकलं, "माले एकदाव देवीना डोंगरवर ली चाल." देवी म्हणजे आमची कुलदेवी, शिरपूरच्या पुढे सातपुड्यात तिचं ठाणं. तिथवर डांबरी आहे, पण शेवटचे दोन कोस म्हणजे रस्ता कसला, नाल्यातले गोटे! साधी गाडी पोट घासत बसते. आणि बाईंचे गुडघे तर असे, की घराच्या पायरीलाही नमस्कार करून परत फिरतात. मी म्हटलं, "बाई, नेऊ. चैत्री पुनवेला नेऊ." शब्द दिला. देवीसमोर दिलेला शब्द, तो काय परत घेता येतो?

हे ऐकलं आमच्या ह्यांनी. आमचे हे म्हणजे मोतीलालराव, एसटीत कंट्रोलर होते, तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, स्वतःची सायकल कधी वेळेवर सुटली नाही. हे म्हणाले, "फोर बाय फोर घेऊ. जुनी. पण दणकट." आणि तिसऱ्या दिवशी शिरपूरच्या भाईदासकडून घेऊन आले की हो! गाडी कसली, माडी! टायर माझ्या कंबरेएवढे, खालून कुत्रं उभ्याने निघून जाईल एवढी उंच. बाईंना चढवायचं कसं? एक स्टूल, त्याच्यावर पोळपाट, त्याच्यावर बाई, मागून मी, पुढून हे… नवरदेवाला घोड्यावर चढवतात तेव्हा निदान वाजंत्री तरी असते!

भाईदास गाडी पोचवायला स्वतः आला होता. गळ्यात माळ, कपाळाला गंध. माझा तर हात आपोआप जोडला गेला. मी विचारलं, "भाऊ, ही डावीकडे का झुकते?" तर म्हणे, "ताई, गाडी सरळच आहे, तुमच्या कॉलनीचा रस्ता उजवीकडे चढा आहे." मी म्हटलं, "आणि एवढी उंच का?" "मॉडिफाय केली आहे ताई! जंगलात गाडीने छाती काढून चाललं पाहिजे!" आता मी संशयी बाई नाही हो… पण ज्या माणसाने चहा घेताना तीनदा घड्याळ पाहिलं आणि चौथ्यांदा बशी तशीच ठेवून पळाला, त्याची छाती का धडधडत असेल, एवढं तरी मनात येणार की नाही?

मग सुरू झाल्या गॅरेजच्या वाऱ्या. पहिला मेकॅनिक गाडीखाली गेला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग बाहेर आला, जिभेने चक् केलं आणि म्हणाला, "हाई कोनी करं?" मला वाटलं, कोणी काही चोरलं की काय! म्हणे शॉकअप चुकीचे आहेत. बदलले. दुसऱ्याकडे गेलो, तो खाली गेला, बाहेर आला, चक्! "हाई कोनी करं? शॉकअप कोणी बदललं?" म्हणे कमान बसली आहे, कमान म्हणजे ती चाकाच्या वरची पट्ट्यापट्ट्यांची स्प्रिंग, तिच्यात एक पट्टी वाढवा. वाढवली. झालं, गाडी अशी कडक झाली की धरणगावच्या रस्त्याला एका गतिरोधकावर बाईंची कवळी जागच्या जागी राहिली आणि बाई वर गेल्या! तिसरा, चक्! "ही पट्टी कोणी घातली?" काढली. गाडी पुन्हा डावीकडे. मला तर वाटायला लागलं, या सगळ्यांना एकच मंत्र दिलेला आहे आणि ते आमच्याकडे त्याचा जप करून घेतायत. संशय नाही हो! पण तिघांच्याही तोंडात तेच शब्द?

माघ आला. चैत्र काय लांब? बाई रोज सकाळी ओट्यावर बसून गाडीकडे बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "माले मरानी घाई नही शे वं… पन देवीले वाट दखाले लावानी लाज वाटस." मी तशीच उठले, देव्हाऱ्यासमोर पदर पसरला आणि नवस बोलले: "आई, आता तूच बघ. गाडी सरळ होऊ दे. मी तुझा टाक घेऊन तुझ्या ठाण्यावर येईन, माझ्या माहेरच्या चौरंगावर तुला बसवीन आणि ओटी भरीन." हा चौरंग म्हणजे साक्रीचा, सागाचा, वडिलांनी लग्नात दिलेला, चारी पायांवर कमळं कोरलेली. श्रावणात आमची खानदेशची कानबाई देवी त्याच्यावरच बसते. आणि सात मंगळवार धरले. मीठ नाही.

तर तुम्हाला सांगते, सातवा मंगळवार. मी भजनाहून आले, फाटक उघडलं, आणि बघते तर काय… गाडी सरळ! अगदी ओळंबा लावल्यासारखी! मी तिथेच रस्त्यावर साष्टांग घालणार होते, पण समोरून पाण्याचा टँकर आला. हे ओट्यावर बसलेले, पेपर वाचत. मी म्हटलं, "अहो, पाहिलंत का?" पेपरच्या मागूनच म्हणाले, "देवीची कृपा." बास! मी सव्वा किलो गूळ आणला आणि अख्ख्या गल्लीत वाटला. ज्यांच्याशी बोलत नव्हते त्यांनाही दिला. देवी पावली म्हटल्यावर मानपान कसला?

पण मी संशयी बाई नाही हो… पेपर मात्र उलटा होता.

सोडून दिलं मी. देवीने दिलेल्या गोष्टीची पावती मागू नये. तयारीला लागले. टाक उजळला, ओटीचं खण-नारळ आणलं, आणि चौरंग काढायला गेले तर चौरंग नाही! माळ्यावर नाही, देवघरात नाही, पलंगाखाली नाही. ह्यांना विचारलं. म्हणाले, "असेल कुठे तरी, बायका नेतात पूजेला." आणि माझ्या डोक्यात लख्ख आठवलं: शेजारच्या प्रमिलाबाई! पौषात त्यांच्याकडे सत्यनारायण होता! चौरंग माझाच होता! परत आणला का? आणला असणार… पण मी पाहिला का?

मी थेट नाही हो विचारलं. मी फक्त कुंपणावरून म्हटलं, "वहिनी, साग किती टिकाऊ असतो, नाही?" दुसऱ्या दिवशी म्हटलं, "वहिनी, कोणाच्या माहेरची वस्तू घरात राहिली तर दोष लागतो म्हणतात, खरं का?" बिचारी गडबडली. तिसऱ्या दिवशी तिने आपला माळा उतरवला, धान्याच्या कोठ्यांमागे शोधलं, धुळीने शिंकून शिंकून बेजार झाली, आणि फाटकाशी येऊन म्हणाली, "वहिनी, तुमच्या देवीची शपथ, मी दुसऱ्याच दिवशी मोतीलालभाऊंच्या हातात दिला होता." मी हसून म्हटलं, "असू द्या हो." पण कसं हसले? असं, की तिने दोन दिवस आमच्याकडे विरजणही मागितलं नाही.

मी सासूबाईंना म्हटलं, "दुसरा चौरंग घेऊ या का?" बाई काय ऐकतात! "जे बोलनी शे, तेच देनं पडी. देवी काय दुकानदार शे का, हाई नही ते ती?" बरोबरच आहे. नवस बोलावा तसा फेडावा, त्यात बदली चालत नाही.

पुनवेला आठ दिवस उरले आणि गाडीच्या मागून आवाज यायला लागला. कुईं… कुईं… जुन्या झोपाळ्यासारखा. हे म्हणाले, "नवीन गाडीचाही येतो." मी म्हटलं, "अहो, लोखंड असं रडत नाही, हा लाकडाचा आवाज आहे." झालं! चेहरा असा पडला! "काहीतरीच तुझं! गाडीत लाकूड कुठलं? तू फार संशयी झालीस!" तुम्ही सांगा, मी नुसतं लाकूड म्हटलं होतं. मी कुठे विचारलं होतं, कुठे आहे म्हणून?

मी हट्टच धरला. धुळ्याला हायवेवर सुकदेव मिस्तरी आहेत, म्हातारे, जन्मभर ट्रकच्या कमानी ठोकल्या, भट्टीने भुवया जळालेल्या. बाईंना प्रमिलाबाईंकडे बसवलं (संशय असला तरी शेजार शेजार असतो) आणि आम्ही निघालो. पारोळ्यापर्यंत हे एकेक खड्डा जपून चुकवत होते.

सुकदेव मिस्तरींनी आधी हातोडीने कमान वाजवून पाहिली, कान लावला. मग खाली गेले. मी मनातल्या मनात म्हणत होते, आता "हाई कोनी करं" म्हणणार. पण नाही. खालून नुसता आवाज आला, "अक्का, जरा आठे या. वाका." मी पदर खोचला, वाकले. आणि तुम्हाला सांगते… डाव्या चाकाच्या वर, कमान आणि आसाच्या मध्ये, ग्रीसने माखलेलं, बोल्टांनी आवळलेलं… कमळ! माझ्या माहेरचं कमळ! आणि त्याच्या शेजारी दुसरं!

मी तशीच वाकलेली. वर बघितलं तर हे रस्त्यावरचे ट्रक मोजत होते.

"अहो!"

"तात्पुरतं लावलं होतं गं. तू भजनाला गेलीस तेव्हा. साग आहे, दणकट आहे, मापही बरोबर बसलं…"

"चौरंगाचे पाय कापले तुम्ही?"

"दोनच. बाकीचा गाठोड्यात बांधून ठेवलाय, गच्चीवर, टाकीमागे. मी सांगणार होतो. पण तू घरी आलीस, इतकी आनंदात… गल्लीभर गूळ वाटून आलीस. मग कसं सांगणार? आई पण ओट्यावर किती दिवसांनी हसली होती."

नवऱ्यावर रागवायला तोंड उघडलं आणि घशात तो गूळच आडवा आला.

तेवढ्यात सुकदेव मिस्तरी हात पुसत म्हणाले, "अक्का, नाल्यात उतरला असता ना, गोट्यावर हे लाकूड सटकलं असतं आन् गाडी आडवी. आवाज कोणी ओळखला?" मी म्हटलं, "मी." म्हणाले, "देवीनं कान दिला शे तुम्हाले." बघा! म्हणजे माझा संशय हा संशय नव्हताच, ती देवीच होती! हे मी ह्यांना तीनदा ऐकवलं. घरापर्यंत अजून चारदा.

मिस्तरींनी मग सगळंच उकललं. पुढून भाईदासच्या चार लोखंडी चकत्या निघाल्या, स्प्रिंगच्या वर घालून गाडी उंच केलेली. मोठे टायर काढून कंपनीच्या मापाचे बसवले. डावी कमान भट्टीत लाल करून ठोकून पुन्हा उभी केली. पाण्यात बुडवली तेव्हा अशी फुत्कारली की मी हात जोडले. म्हणाले, "गाडी उंच व्हयनी म्हणजे मोठी नही व्हत, अक्का. जेवढी कंपनीनं केली तेवढीच ऱ्हाऊ द्या, नाला उतरून जाईल." संध्याकाळी गाडी बाहेर आली. ठेंगणी, शहाणी, सरळ. लाकूड नाही, काही नाही. चकत्या मिस्तरींनी पिशवीत घालून दिल्या, म्हणाले, "भंगारात टाका."

घरी येऊन मी पहिली प्रमिलाबाईंकडे गेले. पायच धरणार होते, त्यांनी धरू दिले नाहीत. म्हणाल्या, "वहिनी, पण साग खरंच टिकाऊ असतो हो." आता हा टोमणा होता की नाही, ते मी विचार करत बसले नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही पण चला देवीला, माझ्या शेजारची जागा तुमची.

आणि गेलो! चैत्री पुनव, गाडी नाल्यात उतरली, डुलत डुलत पार झाली, कवळी तोंडात, बाई सीटवर, दोन्ही एकत्र! ठाण्यावर पोचलो तेव्हा बाई स्वतःच्या पायाने खाली उतरल्या. स्टूल नाही, पोळपाट नाही. देवीसमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात जोडले. मग म्हणाल्या, "उनी वं माय." आले गं आई, एवढंच. माझ्या डोळ्यांना धार लागली हो.

मी चौरंग मांडला. दोन्ही पाय चिंचेने घासले होते, गोमूत्र शिंपडलं होतं, सुताराकडून पुन्हा बसवून घेतले होते. टाक ठेवला. टाक घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला… डावीकडे! दोन-तीन आठवडे गाडीचा भार वाहून दोन पाय अर्धं बोट दबलेले! गाडी सरळ, चौरंग वाकडा! आता काय करू? नवस फेडायचा आणि देवीला उतारावर बसवायचं?

हे पुढे झाले. पिशवीत हात घातला, भाईदासच्या दोन लोखंडी चकत्या काढल्या आणि डाव्या पायांखाली सरकवल्या. एकेक, अगदी मापात. बाईंनी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाल्या, "आते बराबर बसनी माय." झालं. ओटी भरली, नवस फिटला, आई प्रसन्न.

मी संशयी बाई नाही हो… पण भंगारात टाकायची पिशवी देवीच्या डोंगरावर आलीच कशी? आणि तिच्यात अजून दोन चकत्या आहेत. आणि आल्यापासून हे माझ्या शिवणाच्या मशीनभोवती घिरट्या घालतायत, म्हणतायत, "जरा हलतं का गं हे?"… जाऊ द्या. उद्यापासून पुन्हा मंगळवार धरलेत.