सरदाराचं मरण

नवऱ्याच्या हाताचं प्लास्टर होईपर्यंत शिंपीणबाई ऑपरेशन थिएटरसमोरच्या बाकावर टेकल्या. शेजारी एक बहीण-भाऊ बोलत होते.

"ताई, खेळात बाबांच्या सरदाराला तू मारायला नको होतंस."

"मी कुठे मारलं? मी फक्त गोष्ट सांगते, फासे पडले तसं झालं."

"सात वर्षं खेळत होते ते त्याला घेऊन."

"ड्रॅगनच्या गुहेत शिरताना म्हणाले, कुणाच्या घरी जाताना शिरस्त्राण काढावं. काढलं, तर डोक्यावर वटवाघूळ पडलं."

"वटवाघळानं कुणी मरतं का?"

"त्यानं नाही. दचकून मागे सरले, तर मागे तुझा सैनिक भाला रोखून उभा."

शिंपीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"म्हणजे मीच मारलं."

"खेळाच्या वहीत तसंच लिहिलंय."

"रागावले होते का गं?"

"छे. आत नेईपर्यंत हसत होते. सकाळीच नवीन पात्र तयार केलंय त्यांनी. हा बघ कागद. म्हातारी चेटकीण, पायानं लंगडी, तोंडानं फटकळ."

"नावाची जागा रिकामी आहे."

"म्हणाले, नाव बाहेर आल्यावर ठेवतो."

शिंपीणबाईंना पलीकडून हाक आली, तरी त्या थोडा वेळ बसूनच राहिल्या.