लताच्या बाथरूमची फिनिशिंग

…नाही, पण मले तुम्ही एक सांगा, साबणाले काय पाहिजे असते? टेकायले जागा पाहिजे आणि पाणी निथरायले दोन भोकं पाहिजेत, झालं, संपलं, साबण काय तिथं बसून परीक्षेचा अभ्यास करणार आहे? पण नाही. आमच्या जबलपूरले अधारतालच्या मेन रोडवर चिरागचं सॅनिटरीचं दुकान आहे, तिथं मी अडीच तास उभा होतो, अडीच तास, आणि तो आपला मऊ आवाजात विचारते, 'अंकलजी, सोप डिश में क्या पसंद करेंगे? मैट, ग्लॉसी, सैटिन, रोज़ गोल्ड, या फिर एंटीक?' एंटीक म्हणजे काय, तर वस्तू नवी पण दिसते जुनी. म्हटलं, भैया, तसली राहू दे, तसला घरी मी स्वतःच आहे. तो हसला नाही. दुकानदार लोक आजकाल हसत नाहीत, कॅटलॉग उघडतात.

मग निघाला ग्राउट. ग्राउट म्हणजे दोन टाइलींच्या मधात जो मसाला भरतात तो. त्याचा रंग सांगा म्हणे. म्हटलं, पांढरा. तर त्यानं पत्त्यांचा कॅट पसरावा तसं माझ्यापुढं कार्ड पसरलं, अकरा पांढरे, तुम्हाले सांगतो, मोजले मी, आइवरी, पर्ल, बिस्किट, ऑफ व्हाइट, मिल्क व्हाइट… अरे बाबा, दूध पांढरंच असते ना, का तुमच्या घरी येते ते वेगळं? मी चष्मा पुसला, कार्ड बाहेर उन्हात नेलं, सावलीत आणलं, ट्यूबलाइटखाली धरलं, आणि शेवटी म्हटलं, चलो, कल देखते हैं, घाई कायची आहे?

हे माझं ठरलेलं वाक्य आहे. कोणी 'राम राम' म्हणते, कोणी 'जय भीम' म्हणते, मी जय भीम म्हणतो आणि त्याच्या मागून म्हणतो, घाई कायची आहे. सवय आहे, नोकरीची. मी टिकाराम, इथल्याच डिफेन्सच्या फॅक्टरीतून एक्झामिनर म्हणून रिटायर झालो. एक्झामिनर म्हणजे दुसऱ्यानं माल बनवायचा आणि आपण त्यात खोट काढायची, तेहतीस वर्षं मी ह्याचाच पगार खाल्ला. केसभर फरक निघाला तरी रिजेक्ट. समोर फोरमन हात जोडून राहिला आहे, 'टिकारामजी, महीने का आख़िरी दिन है, निकाल दो,' आणि मी म्हणतो, माप म्हणजे माप. ही सवय काय गेटवर जमा करून घरी येता येते? घरी वरणात मीठ किती पडलं तेही मी चव घेऊन पास करत असे. लता ताट वाढून उभी राहे आणि मी मान हलवली की मगच ती वळे.

लता माझी बायको. मागच्या वर्षी फेब्रुवारीत गेली. आणि बाथरूम, जे तिच्यासाठी बनवायचं होतं, ते ह्या जानेवारीत बनलं. हे असं उलटं काहून झालं तेच तर सांगून राहिलो, तुम्ही म्हणाल साबणापासून कुठं आला हा माणूस.

झालं असं की पाच वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले. महाराजपुरले आमचं घर, तिथं बाथरूम जुन्या पद्धतीचं, उकिडवं बसायचं. डॉक्टरनं सांगितलं, आता खाली बसणं बंद. लता मागणारी बाई नव्हती हो. साडी मागितली नाही कधी, बांगडी मागितली नाही. एवढंच म्हणाली, 'अहो, ते उंच बसायचं लावून घ्या ना आपल्या इथं, मले उठता येऊन नाही राहिलं.' मी म्हटलं, लावू ना, काहून नाही लावू, पण एकदाच होते हे काम, नीट पाहून लावू, घाई कायची आहे?

आणि मी पाहायले लागलो. खिशात व्हर्नियर कॅलिपर घेऊन. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर लोक शाल-श्रीफळ जपून ठेवतात, मी स्वतःच्या खर्चानं कॅलिपर घेतला. टाइलीचे चारही कोपरे मोजायचे. एका कोपऱ्याले जाडी आठ पॉइंट एक आणि दुसऱ्याले आठ पॉइंट चार, आता तुम्हीच सांगा, ही टाइल आहे का पोळी? रिजेक्ट. कमोडवर टेबल टेनिसचा बॉल सोडून पाहायचा, कुठं वळते ते. एका बाजूले वळला, रिजेक्ट. अधारतालच्या दुकानदारांनी मले पाहिलं की अर्धं शटर खाली ओढत, 'अंकलजी, लंच चल रहा है,' सकाळी अकराले लंच. घरी व्हरांड्यात सॅम्पलच्या एकतीस टाइली जमा झाल्या, लता एकीवर गरम कुकर ठेवे, दुसरीनं लोणच्याची बरणी झाके. कधी काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, 'ही बरी होती ना, हिरवी?' मी म्हटलं, तुले नाही समजत, हिचा कोपरा उतरला आहे.

आता तुम्ही विचारा, मग चार वर्षं ती जात कुठं होती? विचारा ना. कोणी विचारत नाही, मीही विचारलं नाही. शेजारी इंदूबाईंकडे जात होती. त्यांच्याकडे उंच बसायचं होतं. रोज सकाळी पावणेसहाले, त्यांच्या घरची माणसं उठायच्या आत, आपला साबण आणि आपला मग पदराखाली धरून, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत फाटकातून बाहेर. जबलपूरची जानेवारीतली थंडी तुम्हाले माहीत आहे, तोंडातून वाफ निघते, त्या थंडीत शाल गुंडाळून. पावसात छत्री घेऊन. आणि मी घरात बसून पेपर वाचून राहिलो आहे, ती परत आली की सांगून राहिलो आहे की अगं, काल जी टाइल पाहिली तिची ग्लेझ बरोबर नाही. मले त्याचं काही वाटत नव्हतं, हेच सांगायले लाज वाटते. मले वाटे सोय तर झालीच आहे, मग घाई कायची आहे?

मागच्या फेब्रुवारीत, दुपारी, मेथी निवडता निवडता म्हणाली छातीत दुखते, आणि ॲम्ब्युलन्स गल्लीत वळायच्या आत गेली. मेथी अर्धी निवडलेली तशीच. अडतीस वर्षांत तिनं एकाच कामात घाई केली.

मग आला अश्वजीत. आमचा मुलगा, पुण्याले असते. मराठी त्याले समजते, बोलायले गेला की तिसऱ्या शब्दाले हिंदी लागते. आईच्या पुण्यानुमोदनाले, म्हणजे गेल्यावरच्या वंदनेले, नागपूरची सगळी माणसं घरी, म्हातारी माणसं, कोणाची कंबर, कोणाचे गुडघे, आणि सगळी रांगेनं इंदूबाईंकडे. अश्वजीतनं ते पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही, तो रागावला की पाहत नाही. वर्ष सरत आलं तेव्हा त्यानं पुण्याहूनच वीरेंद्र मिस्त्री ठरवला, जुनं सगळं तोडलं, टाइली फोनवर पाहिल्या आणि सात मिनिटांत पास केल्या. मी चार वर्षं, तो सात मिनिटं! मले म्हणते, 'पापा, बाकी सब हो गया है, आप बस फिनिशिंग देख लेना.' आणि मिस्त्री रोज दारात, 'बाबूजी, फिनिशिंग बता दो तो हम भी छूटें.' पुढच्या रविवारी लताचं वर्ष, विहारातून भंतेजी येणार, नागपूरची माणसं परत येणार, आणि इथं आरसा नाही, नळ नाही, साबणाले टेकायले जागा नाही.

तर असा मी चिरागच्या दुकानात उभा. दुसऱ्या दिवशी परत गेलो ना. आरसे पाहून राहिलो होतो, गोल, चौकोनी, एक तर असा की बोट लावलं की त्यातच लाइट लागते. म्हणजे तोंड पाहायच्या आधी तोंडावर टॉर्च. आणि चिराग बिचारा, त्याले काय माहीत, म्हणते, 'आंटीजी को कौन सा अच्छा लगेगा?' मी वळलो आणि म्हटलं, 'बोल ना, काय म्हणते?' बाजूले वॉश बेसिन उभं होतं. गुलाबी. चिरागनं कॅटलॉग बंद केला आणि चहा मागवला.

मी तो चहा प्यालो आणि मले समजलं की मले माहीतच नाही. लताले कोणता आरसा आवडला असता, कोणता रंग, काही माहीत नाही. अडतीस वर्षांचा संसार, आणि पसंतीचं खातं माझ्याकडे. तिले विचारलंच नाही मी कधी. एक हिरवी टाइल ती बोलली होती, ती मी रिजेक्ट केली. आता मले एवढंच पाहिजे होतं की निदान ही फिनिशिंग तरी तिच्या मनासारखी व्हावी, एक काम, एक तरी. पण सांगणार कोण?

गेलो इंदूबाईंकडे. म्हटलं, वहिनी, लता रोज येत होती तुमच्याकडे, काही बोलली असेल ना, कसं बाथरूम पाहिजे, कोणता नळ, काही तरी. इंदूबाई कपड्याच्या घड्या करून राहिल्या होत्या. म्हणाल्या, 'नाही भाऊजी. बाथरूमचं कधी काही नाही बोलली.' म्हटलं, चार वर्षांत? म्हणाल्या, 'मीच एकदा म्हटलं होतं, लताबाई, मी सांगू का टिकारामभाऊजीले? तर म्हणे, नको, ते पारखून घेतात, त्यांचं काम साधं नाही, घेतील तेव्हा एक नंबर घेतील. तुम्हाले त्रास होते का म्हणे माझा? मी म्हटलं, त्रास कायचा बाई.'

तिनं बाहेर माझी तक्रार केली असती ना, तर मी सहन केली असती, तुम्हाले सांगतो. मी तक्रारीतलाच माणूस आहे. तिनं मले पास केलं होतं, चार वर्षं, रोज सकाळी. ह्याले काय करायचं?

मग इंदूबाई म्हणाल्या, 'या, दाखवते.' आणि मले त्यांच्या बाथरूममध्ये घेऊन गेल्या. आता परक्याच्या बाथरूममध्ये उभं राहायचं म्हणजे… पण उभा राहिलो. कमोडच्या बाजूनं भिंतीले लागून नळाचा पाइप वर जाते, आणि त्या पाइपावर एका जागी जुन्या ओढणीची चिंधी गुंडाळलेली, घट्ट, दोन गाठी मारून. इंदूबाई म्हणाल्या, 'इथं धरून उठत होती. थंडीत पाइप गार लागे, हात निसटे, म्हणून मीच बांधून दिली. आता सोडायची म्हणते, होत नाही.'

खिशात टेप होता. तो असतेच. मी खाली बसलो, तिथल्या ओल्या फरशीवर, आणि जमिनीपासून त्या चिंधीपर्यंत माप घेतलं. सव्वीस इंच. दोनदा घेतलं, चष्मा ओला झाला होता म्हणून. सव्वीस.

तिथून सरळ चिरागकडे. म्हटलं, भैया, आरसा दे. 'कौन सा अंकलजी?' कोणताही दे. साबणाचं दे, जे हाताले लागेल ते. ग्राउट? पांढरा. 'पांढरे में…' कार्डावरचा पहिला. दहा मिनिटांत सगळं घेतलं, एकाही वस्तूले कॅलिपर लावला नाही. फक्त भिंतीले लावायचं एक हँडल घेतलं, धरून उठायचं, ते मात्र मी हातानं ओढून पाहिलं, लटकून पाहिलं, चिराग ओरडला, 'अंकलजी, डिस्प्ले टूट जाएगा!' नाही तुटलं. म्हटलं, हेच दे.

घरी वीरेंद्र मिस्त्री ड्रिल घेऊन तयार. 'बाबूजी, हैंडल कितने पे?' म्हटलं, सव्वीस इंच. तो थांबला. माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, मी पाच फूट दहा. म्हणते, 'बाबूजी, ये तो बहुत नीचे जाएगा, आपको झुकना पड़ेगा.' म्हटलं, लगाओ. 'एक बार सोच लो, टाइल में छेद हो गया तो हो गया.' म्हटलं, भैया, सोचने का काम बहुत हो गया हमारा. लगाओ. त्यानं लावलं.

रविवार झाला. वंदना झाली, भंतेजींनी दोन शब्द सांगितले, नागपूरची म्हातारी माणसं एकेक करून आत जाऊन आली आणि म्हणाली, टिकाराम, बाथरूम एक नंबर केलं. माझ्या साडूनं तर फ्लशची दोन्ही बटणं दाबून पाहिली, लहान आणि मोठं. इंदूबाई दारापर्यंत आल्या, हँडल पाहिलं, आत नाही गेल्या. अश्वजीत मात्र बाहेर येऊन म्हणते, 'पापा, ये हैंडल इतना नीचे किसने लगवाया? आपके किस काम का?' सगळे बसलेले. म्हटलं, मिस्त्रीनं चूक केली. बिचाऱ्या वीरेंद्रचं नाव मी चारचौघांत खराब केलं, तेहतीस वर्षांत कोणावर खोटा शेरा मारला नव्हता. 'तो उखाड़ के ऊपर करवा देता हूँ,' म्हणते. म्हटलं, राहू दे बेटा, टाइल फुटेल.

आता रोज तेच धरून उठतो. धरायची गरज नाही, माझे गुडघे चांगले आहेत, पण धरतो. आणि पूर्ण उभं होईपर्यंत धरून राहायचं म्हणजे कमरेतून पार वाकावं लागते, तर महिनाभरात कंबर धरली. गेलो डॉक्टरकडे, तोच, लताच्या गुडघ्यांचा. त्यानं फोटो काढला, लाइटवर लावून पाहिला, म्हणते, 'टिकारामजी, उम्र हो गई है, झुकना बिल्कुल बंद.' मी म्हटलं, जी. आता त्याले काय सांगता, आमच्या घरी हँडलच तितकं खाली आहे.