हिरव्याला फोन करायचा नसतो

नाही नाही, ते नका दाबू काका — आधी ताप मोजायचा, मग आकडा टाकायचा. उलट्या किती, जुलाब किती, तोंडात फोड आलेत का, सगळं विचारतो तो मोबाईल. बरं असेल तर हिरवं, नसेल तर लाल. लाल दाबलंत की माझ्या टेबलावर वाजतं, मी फोन करते. पूर्वी कसं, केमो देऊन घरी पाठवायचं, मग तीन आठवडे माणूस कसाय काही पत्ता नाही. आता कळतं. म्हणजे — तुम्ही सांगाल तेवढंच कळतं. पूर्वी दारातून आत येतानाच ओळखायचे मी, हा जेवलेला नाही, ही रडून आलीय.

एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. एकट्या राहायच्या. रोज दुपारी तीनला लाल. फोन केला की, "काही नाही हो सिस्टर, बोट चुकलं." आणि मग अर्धा तास — बाहीला चुण्या कशा घालायच्या, शेजारीण कशी नाकानं कांदे सोलते… मला कळत नव्हतं का? कळत होतं. तीन वाजत आले की मीच त्या टेबलाकडे बघायला लागायचे. घरी मला तरी कोण आहे बोलायला — असो. तो विषय नाही. मोठ्या सिस्टरनी यादी पाहिली, एकाच बाईचे इतके लाल. म्हणाल्या, समज द्या त्यांना. दिली मी. गोडीनं नाही दिली, काका. म्हटलं, "खरंच त्रास असेल तरच दाबा, मला आणखी साठ जण आहेत." त्या म्हणाल्या, "चुकलं माझं."

दुसऱ्या दिवसापासून हिरवं. पाच दिवस हिरवं. हिरव्याला फोन करायचा नसतो, नियम आहे. सहाव्या दिवशी त्याच शेजारणीनं गाडीत घालून आणलं, अंगात एकशे तीन ताप. मोबाईलमध्ये रोज अठ्ठ्याण्णव. मी विचारलं, अहो, का? तर म्हणतात, "तुम्हाला साठ जण आहेत ना."

नाही. वाचल्या नाहीत, दोनच दिवस होत्या त्यानंतर.

मोबाईल वाईट नाही म्हणत मी. परवाच एकाला वाचवलंय त्यानं. पण आता ड्युटी संपली की मी हिरव्यांनाही फोन करते. "ठीक आहे सिस्टर," म्हणतात आणि ठेवतात. कामात असतात माणसं.

तुमच्या घरी कोण असतं, काका? …मुलगा, सून, दोन नातवंडं. छान. मग तुम्हाला लागायचंच नाही माझं काही. — झालं तर. जाताना पुढच्यांना आत पाठवा.